प्रौढ शिक्षण केंद्रातल्या सीड्या आणि शिकवायची सॉफ्टवेअर्स नीट लावायचीत, कॅटलॉग कसा करू?

माध्यमकक्ष_शाहूपुरी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका प्रौढ शिक्षण केंद्राचा माध्यम कक्ष सांभाळते, दोन महिने झाले माझ्याकडं येऊन. कक्ष म्हणजे पाच कॉम्प्युटर, एक प्रोजेक्टर आणि दोन लोखंडी कपाटं, आणि सगळा घोळ त्या कपाटांत आहे. साधारण तीनशे सीड्या-डीव्हीड्या असतील, शिवाय पेनड्राइव्ह, एक जुनी हार्ड डिस्क. साक्षरतेची, हिशोबाची, टायपिंगची, शिवणाची, शेतीची, आरोग्याची, सगळी शिकवायची सॉफ्टवेअर्स एकत्र कोंबलेली. निम्म्यांवर पेननं 'मराठी नवीन', 'फायनल', 'सरांची' असं काहीतरी लिहिलंय. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी आलं तेव्हा खालच्या फळीवरची कव्हरं लगद्यासारखी झालेली, ती टाकून दिली गेली, त्यामुळं आत काय आहे सांगणारा कागदच राहिला नाही. रजिस्टरमध्ये नोंद म्हणजे 'सीडी – १० नग', एवढीच.

येणारी माणसं म्हणाल तर दुपारी बचत गटाच्या बायका, संध्याकाळी उद्यमनगरातनं शिफ्ट संपवून येणारे कामगार, आणि मोबाइलवर बँक शिकायला येणारे रिटायर लोक. मागच्या मंगळवारी वडणग्याच्या एक मावशी आल्या, म्हणाल्या, 'ते बँकेची स्लिप भरायला शिकवतंय ते लाव की, मागल्या पावसाळ्यात बघितलेलं, अर्धंच झालंय माझं.' मी चाळीस मिनिटं शोधत होते, अकरा सीड्या घालून बघितल्या, एक उघडली तर इंग्लिश व्याकरण, एक उघडलीच नाही, एकीत सगळी अक्षरं चौकोनी दिसायला लागली. मावशी पिशवी मांडीवर घेऊन शांत बसून होत्या आणि शेवटी 'एसटी चुकंल माझी' म्हणून उठून गेल्या. वस्तू कपाटात आहे, मला माहीत आहे आहे, आणि तरी मी ती त्यांच्या हातात देऊ शकले नाही, ते मला फार लागलंय.

तर विचारायचं असं की हे लावू कसं? पुस्तकासारखं ड्यूईनं, म्हणजे ग्रंथालयात विषयाला आकडा देतात त्या पद्धतीनं, नंबर देऊन, की विषयवार कप्पे करून, की नावाच्या अक्षरावरनं? एक्सेल पुरेल की ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यावं? आणि खराब व्हायच्या आत सीड्यांच्या कॉप्या काढून ठेवल्या तर चालतं का कायद्यानं? माझं ग्रंथालय शास्त्राचं शिक्षण नाही, बीए आहे, पण बसून काम करायची तयारी आहे.

जुनाग्रंथपाल

ताई, आधी एक गोष्ट डोक्यातनं काढून टाका, की कपाट विषयवार लावलं की वस्तू सापडते. पुस्तकाच्या बाबतीत ते खरं आहे, माणूस फळीपुढं उभा राहून पुस्तक चाळतो, शेजारचं पण उचलून बघतो. सीडी चाळता येत नाही. बाहेरनं सगळ्या सारख्याच चकत्या. त्यामुळं कपाटात फक्त दाखल नंबरानं, म्हणजे रजिस्टरला नोंद होईल त्या क्रमानं लावा, १, २, ३ असं सरळ, नवीन आली की शेवटी. कप्पे सरकवायला नकोत की जागा मोकळी सोडायला नको. शोधायचं सगळं काम कॅटलॉगनं करायचं.

दुसरं. सीडीवर काय लिहिलंय त्यावरनं नाव घेऊ नका. कॅटलॉगच्या नियमांतही हेच आहे, शीर्षक घ्यायचं ते चालू केल्यावर पहिल्या पडद्यावर येतं ते, लेबलवरचं वेगळं असेल तर ते टिपेत लिहायचं, म्हणजे 'सरांची सीडी' म्हणून कुणी मागितली तरी सापडली पाहिजे. तीनशे सीड्या म्हणजे तीनशे वेळा चालू करून बघणं आलं, त्याला दुसरा रस्ता नाही. दिवसाला आठ धरा, दोन महिन्यांत संपतं काम.

तिसरं, आणि तुमच्या मावशींचा प्रश्न इथंच आहे. तुम्ही सीडीची नोंद करताय, मावशी मागतायत धडा. एका सीडीत बारा धडे असतील तर बाराही धड्यांची नावं नोंदीत आली पाहिजेत. आमच्यात याला विश्लेषणात्मक नोंद म्हणतात, जुन्या कार्डाच्या काळात हे फार जिकिरीचं होतं कारण प्रत्येक धड्याला वेगळं कार्ड लिहायला लागायचं, आता एका रकान्यात टाईप केलं की झालं, शोधला की निघतो. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ठिकाणी जाणारा माणूस लेखकाचं किंवा पुस्तकाचं नाव घेऊन जातो. तुमच्याकडं येणाऱ्याला सॉफ्टवेअरचं नाव माहीतच नसतं, कंपनीचं तर त्याहून नसतं. त्याला काम माहीत असतं.

ड्यूई वापरायचा असेल तर वापरा, पण एक चूक बरेच जण करतात ती करू नका. सॉफ्टवेअर आहे म्हणून सगळं ००५ मध्ये ढकलतात. ००५ हा प्रोग्रामिंगचा नंबर. सॉफ्टवेअर जे शिकवतं त्याचा नंबर द्यायचा: टायपिंग शिकवणारं ६५२.३, अंकगणित ५१३, मराठी भाषा ४९१.४६, शेती ६३०. म्हणजे उद्या त्याच विषयाची पुस्तकं आणि पोस्टर तुमच्याकडं आली तर एका नंबराखाली सगळं बोलावता येतं.

उद्यमनगरकर

लई महत्त्वाचं राहिलंय सर, म्हणून मध्ये बोलतो. मी कॉम्प्युटर रिपेरिंग करतो, अशा दोन-तीन केंद्रांच्या मशीन बघतो. पुस्तक उघडलं की वाचता येतंय, सॉफ्टवेअरचं तसं नाही, ते कुठल्या मशीनवर चालतंय हे कॅटलॉगमध्ये नसलं तर बाकीच्या नोंदीचा काही उपयोग नाही. नुसतं 'विंडोज' लिहून भागत नाही. ताईंची जी उघडली नाही ती बहुतेक १६ बिटवाली असणार, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या जुन्या विंडोजसाठी केलेली, आताच्या ६४ बिट विंडोजवर ती चालतच नाही, सीडी खराब नसते. तुम्ही ती खराब म्हणून टाकून द्याल, असं करू नका. एक जुनी विंडोज एक्सपीची मशीन ठेवा, इंटरनेट अजिबात जोडायचं नाही तिला, एक्सपीला २०१४ पासून अपडेट बंद आहेत, फक्त जुन्या सीड्या चालवायला. नाहीतर नव्या मशीनमध्येच व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे मशीनच्या आत दुसरी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून आत एक्सपी चालवता येतंय.

मग फ्लॅश, म्हणजे हलती चित्रं नि आवाज दाखवायचं अडोबचं जुनं सॉफ्टवेअर. २००० नंतर आलेल्या मराठी शैक्षणिक सीड्यांत कितीतरी फ्लॅशवर केलेल्या आहेत. अडोबनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं. पण इथं नीट बघायला लागतंय, ज्या सीडीत स्वतः चालणारी ईएक्सई फाईल आहे ती अजून बरोबर चालते, जी ब्राउझरमध्ये उघडते ती अडते. अडलेल्यांना रफल म्हणून फ्लॅश चालवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात बऱ्याचशा चालतात, सगळ्या नाही. प्रत्येक सीडीपुढं लिहा, 'नव्या मशीनवर चालते', 'एक्सपीवर चालते', 'रफलमध्ये चालते', आणि कुठल्या तारखेला बघितलं ते. तारीख लिहाच, कारण मशीन बदलली की परत बघायला लागणार.

आणि ती चौकोनी अक्षरं, ताई, तो फॉन्टचा प्रॉब्लेम. जुन्या मराठी सीड्या युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी दिसायच्या पद्धतीच्या, आधीच्या आहेत, श्रीलिपी नाहीतर आयएसएमचा फॉन्ट मशीनमध्ये नसला की पडद्यावर चौकोन नाहीतर भलतीच चिन्हं. वाचायला शिकणाऱ्या माणसापुढं असला पडदा आला तर त्याला वाटणार आपल्यालाच येत नाही. सीडीत बघा, बऱ्याच वेळा 'फॉन्ट' नावाचं फोल्डर असतंय, ते आधी टाकायचं. कॅटलॉगमध्ये फॉन्टचा रकाना वेगळा करा.

कॉपीचं म्हणाल तर कॉपीराईट कायदा १९५७ चं कलम ५२ बघा. कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रामची कॉपी हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून काढता येते, ज्या कामाला दिलाय त्याच कामाला. वाटायला नाही, शेजारच्या केंद्राला द्यायला नाही. सीडीची आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एकाच फाईलमधली हुबेहूब कॉपी, काढा, फाईलला दाखल नंबराचंच नाव द्या, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि एक हार्ड डिस्क वरच्या मजल्यावर. पूर बघितलाय तुम्ही, मी सांगायला नको.

सीडीवर नंबर मधल्या पारदर्शक कड्यावर लिहायचा, चकतीवर स्टिकर लावायचा नाही, फिरताना तोल जातो. पुसायची ती मधनं बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही.

वर्गातली_बाई

मी वीसेक वर्षं प्रौढांना शिकवते, मला एक सांगायचंय आणि ते कपाटाच्या आधी लक्षात घ्या असं मला वाटतं. पातळी. कॅटलॉगमध्ये पातळी लिहिताना 'इयत्ता पहिली', 'इयत्ता दुसरी' असं लिहू नका. पंचावन्न वर्षांच्या बाईला पडद्यावर 'पहिली' दिसलं की ती दुसऱ्या दिवशी येत नाही, मी बघितलंय. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं त्यानंतरच्या प्रौढांच्या वर्गात तीन प्रवेशिका, म्हणजे वाचायला शिकवायची पुस्तकं, असायच्या, तिन्ही मिळून २०० तासांचा अभ्यास. पहिली प्रवेशिका, दुसरी, तिसरी अशी पातळी लिहा, ती प्रौढांसाठीच केलेली आहे आणि शिक्षकांनाही कळते.

आता एक गोष्ट मला कुठल्याच ग्रंथालयाच्या यादीत दिसली नाही, ती म्हणजे शिकवायची पद्धत. काही सॉफ्टवेअर अक्षरापासून सुरू होतात, अ आ इ, मग बाराखडी, मग शब्द. टाटा कन्सल्टन्सीचा संगणकावरचा प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम आहे तो अक्षराऐवजी अख्ख्या शब्दापासून सुरू होतो आणि साधारण ४० तासांत साधं वाचायला येतं असा त्याचा आराखडा आहे. दोन्ही चांगले. पण एका माणसाला अर्धं या पद्धतीनं आणि अर्धं त्या पद्धतीनं शिकवलं की तो गोंधळतो, मग म्हणतो 'बाई, माझं डोकंच चालत नाही.' तुमच्या मावशी अर्ध्यावर होत्या ना? त्यांना तीच सीडी द्यायला पाहिजे, त्या विषयावरची दुसरी नव्हे. म्हणून नोंदीत 'अक्षरापासून' की 'शब्दापासून' हे असायलाच हवं.

टायपिंगच्या सीड्यांना पण हेच. सरकारी टायपिंग परीक्षेला बसणारी पोरं येतात, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या स्पीडची. सीडी रेमिंग्टन कीबोर्डची आहे का इनस्क्रिप्टची, दोन्हीत अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात, हे लिहिलं नसेल तर महिनाभर बोटं भलत्याच कीवर बसतात, आणि ती सवय मोडायला दोन महिने जातात.

आवाज कुठल्या भाषेतला ते पण लिहा. कव्हर मराठी आणि आतला आवाज हिंदी अशा सीड्या माझ्याकडंच सहा निघाल्या. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी आवाज हाच सगळा पाठ आहे.

विषयांचे गट हवे असतील तर नवीन शोधत बसू नका, प्रौढ शिक्षणाच्या सरकारी उल्लास कार्यक्रमाचे पाच भाग आहेत तेच घ्या: पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान, जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण, निरंतर शिक्षण. बँक, मोबाइल, आरोग्य, बालसंगोपन हे सगळं जीवनकौशल्यात येतं. अहवाल मागतात तेव्हा पण याच गटांत मागतात, दोनदा काम पडत नाही.

इचलकरंजी_वाचनालय

आम्ही वाचनालयात कोहा नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरतोय, फुकट आहे, ओपन सोर्स, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालं आणि २००० सालापासून चालू आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. वर उद्यमनगरकरांनी सांगितलं त्या सगळ्याला मार्कमध्ये, म्हणजे कॅटलॉगच्या रकान्यांना नंबर द्यायच्या ग्रंथालयाच्या पद्धतीत, आधीपासून जागा आहे ताई. ५३८ हे फील्ड खास मशीन काय लागते ते लिहायला, ५२१ कोणासाठी आहे ते, म्हणजे पातळी, आणि ५०५ मध्ये आतल्या धड्यांची यादी. धडा शोधला की सीडी निघते. मी म्हणेन एकदाच कष्ट घ्या आणि थेट कोहातच करा, एक्सेलमध्ये करून परत हलवायचं म्हणजे दुप्पट काम.

जुनाग्रंथपाल

इचलकरंजीकरांचं म्हणणं चुकीचं नाही पण मला पटत नाही. कोहाला सर्व्हर, म्हणजे ते ज्या मशीनवर चालतं ती, सांभाळणारा माणूस लागतो. ताई एकट्या आहेत, केंद्रात पाच मशीन आहेत, उद्या सर्व्हर बंद पडला तर कॅटलॉगच बंद. तीनशे नगांना एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क भरपूर झालं. मात्र एक करा, रकान्यांची नावं देताना शेजारी मार्कचा नंबर लिहून ठेवा, धडे ५०५, मशीन ५३८, पातळी ५२१. पुढं कधी कोहात जायचं ठरलं तर रकाना रकान्यात बसतो, परत टाईप करायला लागत नाही. आणि दर शनिवारी त्या फाईलची एक छापील प्रत काढून कपाटाच्या दाराला अडकवा, लाईट नसली तरी शोधता आलं पाहिजे.

इचलकरंजी_वाचनालय

मार्कचा नंबर आधीच लिहून ठेवायचं मला सुचलं नव्हतं, हे बरोबर आहे सर. तसं केलं तर एक्सेलला माझी हरकत नाही.

माध्यमकक्ष_शाहूपुरी

मंडळी, सहा आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, पण रिकाम्या हातानं यायचं नव्हतं. २१४ सीड्या चालू करून बघून झाल्या. दाखल नंबर कड्यावर, कॅल्कमध्ये नोंद, शेजारी मार्कचे नंबर. रकाने असे ठेवलेत: पडद्यावरचं नाव, लेबलवरचं नाव, आतले धडे, पातळी, अक्षरापासून का शब्दापासून, आवाजाची भाषा, फॉन्ट, कुठल्या मशीनवर चालते आणि तारीख, किती मशीनवर टाकायचं लायसन आहे ते, आणि इमेज काढली का. लायसनचा रकाना मी माझ्या मनानं घातला, कारण तीन सीड्यांच्या आत एकाच कॉम्प्युटरचं लायसन निघालं आणि आमच्यात त्या पाचही मशीनवर टाकलेल्या होत्या. चार मशीनवरनं काढून टाकल्या.

३१ सीड्या ज्या 'खराब' म्हणून एका खोक्यात वेगळ्या काढलेल्या होत्या त्यातल्या १९ एक्सपीवर चालल्या. उद्यमनगरकर दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर त्या भंगारात गेल्या असत्या. सात सीड्यांत फॉन्ट टाकल्यावर अक्षरं आली. पाच खरंच गेलेल्या आहेत, पुराच्या पाण्यानं कडेचा थर उचललाय, हातात धरली तर उजेड आरपार दिसतो. त्या टाकल्या नाहीत, यादीत 'बाद' लिहून ठेवल्यात, म्हणजे पुन्हा कुणी शोधत बसणार नाही.

आणि मावशींचा धडा सापडला. सीडीवर लिहिलेलं होतं 'दुग्धव्यवसाय'. म्हशींची निगा, चारा, धारा काढणं असे नऊ धडे आणि दहावा धडा 'दुधाचे बिल बँकेत जमा करणे', त्यात ती स्लिप. मी बँकेच्या, हिशोबाच्या सीड्या उलथ्यापालथ्या करत होते, म्हशीच्या सीडीत कशाला बघीन. धड्यांची यादी केली नसती तर कधीच मिळाला नसता. मावशींना फोन लावून निरोप दिला, गुरुवारी आल्या. पडद्यावर स्लिप मोठी दिसते, रकान्यावर बोट ठेवलं की आवाज सांगतो इथं तारीख, इथं खाते नंबर. त्यांनी पदराला हात पुसून माउस धरला, आधी जिथं थांबलेल्या तो रकाना स्वतः ओळखला, 'रक्कम अक्षरी'. तिथं 'सातशे पन्नास' लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली, तीनदा खोडलं. मग दुधाच्या बिलाची खरी स्लिप पिशवीतनं काढली आणि ती पण तिथंच बसून भरली.

वर्गातली_बाई

वाचून डोळे भरले. एकच विचारते, नोंदीत तुम्ही 'बँकेत रक्कम जमा करण्याचा भरणा' वगैरे लिहिलंय का मावशी म्हणाल्या ते शब्द लिहिलेत?

माध्यमकक्ष_शाहूपुरी

दोन्ही लिहिलेत बाई. धड्याचं नाव पडद्यावर आहे तसंच, आणि पुढं एक रकाना वाढवलाय 'लोक काय म्हणून मागतात'. त्यात 'बँकेची स्लिप', 'पैसे भरायची चिठ्ठी', आणि एका आजोबांनी मागितलं तसं 'दुधाच्या पैशाचं'. आता कुणी काही मागायला आलं की आधी त्यांचे शब्द वहीत लिहून घेते, संध्याकाळी कॅल्कमध्ये चढवते. ८६ सीड्या राहिल्यात अजून, आणि त्या हार्ड डिस्कला मी अजून हातच लावला नाही. उद्यमनगरकर दादा, ती लावली की टकटक आवाज येतोय, चालू करू का आधी तुम्हाला दाखवू?

उद्यमनगरकर

चालू करू नका ताई, अजिबात नाही. वायर काढा आणि तशीच ठेवा. टकटक म्हणजे आतलं हेड नीट बसेना झालंय, जितक्यांदा चालू कराल तितकं जास्त जाणार. शनिवारी दुपारी येतो मी.